आधी पंगत, मग ताट: रेडियस सर्व्हरवर एकेका माणसाची परवानगी लावताना

सर्व्हरला हात लावायच्या आधी एक शंभर पानी वही आणा. माझ्याकडची निळ्या पुठ्ठ्याची आहे. पहिल्या पानावर चार रकाने आखलेत: कोणाला, काय वेगळं, कोणी सांगितलं, कधीपर्यंत. हे चारही भरल्याशिवाय मी कोणाचीच वेगळी सोय करत नाही, मग सांगणारे प्राचार्य सर असोत की हॉस्टेलचे वॉर्डन. चौथा रकाना भरताना लोक हमखास अडखळतात. "राहू द्या की मॅडम, कायमचंच करा." कायमचं काहीच करायचं नाही, हे पुढं वाचताना कळेलच.

मी लातूरजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात नेटवर्क बघते. कागदावर मी प्रयोगशाळा सहायक. प्रत्यक्षात स्विच, वायफाय, प्रिंटर, कॅमेरे आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी बंद पडणारा यूपीएस, सगळं माझ्याच टेबलावर येतं. हजारावर पोरं, शंभरेक स्टाफ, दोन हॉस्टेल आणि जुन्या डेस्कटॉपवर चालणारा एक फ्रीरेडियस सर्व्हर (रेडियस म्हणजे नेटवर कोण येईल आणि त्याला काय मिळेल ते ठरवणारी व्यवस्था, फ्रीरेडियस हे तिचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर). जवळपासच्या कॉलेजांतली माझ्यासारखी मंडळी फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आमच्याकडं लग्नाची पंगत बसली की वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी सगळ्यांना सारखीच. पण कोपऱ्यातल्या एका काकांना शुगर असते, कुणाचा उपास असतो. आचारी त्यांच्यासाठी वेगळी चूल मांडत नाही. घरातला जाणता माणूस वाढप्याच्या कानात सांगतो, "त्या काकांच्या ताटात बुंदी टाकू नको." रेडियस सर्व्हर हा तो जाणता माणूस आणि स्विच किंवा ॲक्सेस पॉइंट हा वाढपी. माणूस आत आला की वाढपी विचारतो, "हे कोण, ह्यांना काय वाढू?" सर्व्हर ओळख पटवतो आणि उत्तरासोबत सूचना देतो. बिघाड दोनच ठिकाणी होतो. एक तर सांगणाऱ्यानं चुकीचं सांगितलेलं असतं, नाहीतर वाढपी ऐकतच नाही. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा वाढपीच बहिरा निघालाय.

एक खुलासा आत्ताच करते. ॲट्रिब्यूटची (म्हणजे सर्व्हरच्या निरोपातल्या एकेका बाबीची) आणि फाईलींची नावं इथं देवनागरीत लिहिलीत. सर्व्हरवर ती इंग्रजी अक्षरांत, इंग्रजी आकड्यांत आणि मधल्या हायफनसकट टाईप करायची.

पाया, थोडक्यात

उबुंटू सर्व्हर टाका, फ्रीरेडियसची तिसरी मालिका टाका. ईटीसीखालच्या फ्रीरेडियस फोल्डरात ३.० नावाचं फोल्डर तयार होतं, सगळा संसार तिथंच. ओळख आणि परवानगी १८१२ पोर्टवर, हिशोब म्हणजे अकाउंटिंग १८१३ वर, दोन्ही यूडीपी. काही जुन्या स्विचवर अजून १६४५ आणि १६४६ भरलेले असतात, ते बदला. क्लायंट्स फाईलीत प्रत्येक स्विचचा आयपी आणि त्याचा गुप्त शब्द लिहायचा. चाचणीसाठी आधीच भरलेला 'टेस्टिंग१२३' हा शब्द लोकलहोस्टपुरताच ठेवा. मी एका ठिकाणी मदतीला गेले तर सगळ्या स्विचवर हाच शब्द होता. पोरांना गुगल येतं हो.

जुलै २०२४ मध्ये ब्लास्टरेडियस नावाची त्रुटी जाहीर झाली. क्लायंटच्या नोंदीत मेसेज-ऑथेंटिकेटर (निरोप वाटेत बदलला नाही ना, हे पटवणारी सही) सक्तीचा करायचा पर्याय आधीपासूनच होता, तेव्हापासून तो वापरणं गरजेचं झालंय. आधी सर्व्हर अपडेट करा, मग हा पर्याय चालू करा आणि त्या दिवशी एकेक जुना स्विच तपासत बसा, कारण काही जुनी खोकी साध्या पासवर्डच्या विनंतीत तो पाठवतच नाहीत.

पंगत: गट आधी लावा

नवा माणूस पहिली चूक इथं करतो. तो थेट माणसांच्या नोंदी लिहायला बसतो. दोन वर्षांनी त्याच्या फाईलीत दोनशे नोंदी असतात आणि कुठली कशासाठी होती ते त्यालाच आठवत नाही.

माझी मांडणी अशी आहे. पासवर्ड आणि गट डेटाबेसमध्ये, अपवाद तेवढे यूजर्स फाईलीत. फ्रीरेडियससोबत टेबलांचा तयार आराखडा मिळतो. 'रॅडचेक'मध्ये माणसाचा पासवर्ड, 'रॅडयूजरग्रुप'मध्ये तो कुठल्या गटात आहे, 'रॅडग्रुपरिप्लाय'मध्ये त्या गटाला काय द्यायचं. आमच्याकडं पाच गट आहेत, प्रत्येकाला आपला व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवरचा नेटवर्कचा वेगळा कप्पा: कार्यालय व्हीलॅन १० वर, अध्यापक २० वर, विद्यार्थी ३० वर, हॉस्टेल ४० वर, पाहुणे ५० वर. एवढ्यात कॉलेजचा पंचाण्णव टक्के कारभार उरकतो.

सगळंच डेटाबेसमध्ये ठेवता येतं, माणसागणिक उत्तराचं 'रॅडरिप्लाय' टेबलही आहे. तरी मी अपवाद फाईलीत ठेवते, कारण फाईल उघडली की सगळे अपवाद एका नजरेत दिसतात आणि प्रत्येकावर शेरा लिहिता येतो. फाईल लांबायला लागली की मला लाज वाटते. टेबलातल्या ओळींची लाज कुणालाच वाटत नाही.

आता चिन्हांकडं लक्ष द्या. पासवर्डच्या ओळीत 'क्लिअरटेक्स्ट-पासवर्ड'पुढं चिन्ह म्हणून अपूर्णविराम-बरोबर, म्हणजे := लावायचं, कारण तिथं आपण किंमत बसवतोय, तुलना करत नाही. तुलनेसाठी दुहेरी बरोबर, ==. आणि गटाच्या उत्तरांत साधं एकेरी बरोबर, =. ह्या एकेरी चिन्हाचा अर्थ, "हे ॲट्रिब्यूट आधीच कुणी दिलं नसेल तरच दे." := चा अर्थ, "आधीचं काहीही असो, माझंच खरं." नेहमीच्या मांडणीत यूजर्स फाईल आधी वाचली जाते, डेटाबेस नंतर. म्हणजे फाईलीत माणसाला व्हीलॅन १० दिला आणि गटात = असेल, तर माणसाचा १० टिकतो. गटात := लिहिलंत, तर मागून येणारा गट माणसाची सोय पुसून टाकतो. काकांच्या ताटात बुंदी पडली म्हणून समजा. ही एक चूक शोधायला मला एक अख्खा शनिवार लागला होता.

ताट: एका माणसाची नोंद

यूजर्स नावाची फाईल ३.० फोल्डरात दिसते, पण ती नुसती वाट दाखवणारी पाटी. खरी फाईल 'मॉड्स-कॉन्फिग'च्या आत 'फाईल्स' फोल्डरात 'ऑथोराइझ' नावानं असते. पाटी उघडली तरी तीच उघडते.

आमच्या ग्रंथपाल मॅडम अध्यापक गटात आहेत, पण पुस्तकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर कार्यालयाच्या नेटवर्कवर आहे. त्यांची नोंद अशी:

# ग्रंथपाल, वही पान ७, ३१ मे पर्यंत
ग्रंथपाल
        टनेल-टाइप := व्हीलॅन,
        टनेल-मीडियम-टाइप := आयईईई-८०२,
        टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडी := "१०"

पहिल्या ओळीत समासाला चिकटून नाव आणि त्यापुढं, लागल्या तर, अटी. खाली टॅब देऊन उत्तरं. उत्तरांच्या मध्ये स्वल्पविराम, शेवटच्या ओळीला स्वल्पविराम नाही. तो चुकून राहिला किंवा मधला एखादा सुटला की सर्व्हर उठतच नाही. म्हणून रीस्टार्टच्या आधी फ्रीरेडियसची आज्ञा मोठा सी आणि मोठा एक्स हे पर्याय लावून चालवायची. ती फक्त फाईली तपासते आणि चूक कुठल्या ओळीवर आहे ते सांगते. सकाळी साडेदहाला अख्ख्या कॉलेजचं नेट पाडल्याशिवाय ही सवय लागत नाही. माझीही तशीच लागली.

व्हीलॅनसाठी ही तिन्ही ॲट्रिब्यूट एकत्रच लागतात. टनेल-टाइपची आकड्यातली किंमत १३, मीडियमची ६. काही स्विचच्या माहितीपुस्तिकेत हे आकडेच छापलेले असतात, तेव्हा गोंधळू नका.

फाईल वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी नोंद सापडली की वाचन थांबतं. पुढंही वाचायला हवं असेल तर नोंदीत 'फॉल-थ्रू = येस' लिहायचं. म्हणून जास्त अटी असलेली नोंद वर, ढोबळ नोंद खाली, आणि 'डीफॉल्ट' नावाची, कुणालाही जुळणारी नोंद अगदी तळाशी.

क्रमाचा खरा उपयोग अकाउंट विभागात झाला. फीचा हिशोब बघणाऱ्या भाऊंचं खातं फक्त त्यांच्या टेबलावरच्या मशीनवरून चालावं, असं ठरलं. मी त्यांच्या नावापुढं 'कॉलिंग-स्टेशन-आयडी ==' आणि मशीनचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) लिहिला, खाली व्हीलॅन १० दिला आणि निवांत झाले. दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतःच्या फोनवर त्याच खात्यानं आरामात नेट बघत बसलेले. झालं असं, की फोनचा मॅक जुळला नाही म्हणून ती नोंद लागली नाही. पण पासवर्ड डेटाबेसमध्ये होताच, तिथून गटाची परवानगी मिळाली. अट जुळली नाही तर नोंद सोडून दिली जाते, माणूस नाकारला जात नाही. नाकारायचं असेल तर त्याच नावाची दुसरी नोंद लगेच खाली हवी:

अकाउंट       ऑथ-टाइप := रिजेक्ट
        रिप्लाय-मेसेज := "हे खाते ठरलेल्या मशीनवरूनच चालेल"

पहिली जुळली तर वाचन थांबतं, भाऊ आत. नाही जुळली तर दुसरी जुळतेच, भाऊ बाहेर. निरोप मात्र दाखवायचाच असं स्विचवर बंधन नाही. वायफायवर तो बहुधा दिसतच नाही, हॉटस्पॉटच्या लॉगिन पानावर दिसू शकतो.

मॅक ॲड्रेस लिहायच्या तऱ्हा गावागणिक बदलणाऱ्या बोलीसारख्या. एक स्विच हायफन देतो, दुसरा अपूर्णविराम, तिसरा काहीच देत नाही. कुणाची अक्षरं लहान, कुणाची मोठी. फ्रीरेडियसमध्ये 'रीराइट-कॉलिंग-स्टेशन-आयडी' ह्या अर्थाची तयार पॉलिसी आहे, नावात हायफनऐवजी अंडरस्कोर. ती डीफॉल्ट साइटच्या (सर्व्हरच्या मुख्य मांडणीच्या फाईलीच्या) ऑथोराइझ भागात सुरुवातीलाच लिहून टाका. मग सगळे पत्ते मोठ्या अक्षरांत आणि हायफनांसह येतात, तुम्हीही तसेच लिहा.

फोनच्या बाबतीत मॅकच्या भरवशावर राहू नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी बनावट मॅक वापरतात. टेबलावरच्या, वायरनं जोडलेल्या मशीनला ही अट ठीक आहे. तीसुद्धा कुलूप म्हणून नव्हे, कडी म्हणून. मॅक बदलणं पोरांना अवघड नाही.

बोगद्यातली गोष्ट आत राहते

हा भाग सावकाश वाचा. नोंद बरोबर आहे, पासवर्ड बरोबर आहे, माणूस जोडलाही जातो, पण पडतो मात्र भलत्याच व्हीलॅनमध्ये. अशा तक्रारीत पहिला संशय इथं घ्या.

वायफायवर आपण बहुधा पीप ही ओळख पटवायची पद्धत वापरतो. त्यात फोन आधी सर्व्हरशी एक कूटबद्ध बोगदा बांधतो आणि खरं नाव, पासवर्ड त्या बोगद्याच्या आत सांगतो. बाहेरच्या बाजूला तो 'अनॉनिमस' असं कुठलंही नाव पाठवू शकतो. म्हणजे ग्रंथपाल मॅडम कोण, हे आतल्या सर्व्हरलाच कळतं, त्या साइटचं नाव 'इनर-टनेल'. आपली नोंद तिथं वाचली जाते, व्हीलॅन १० हे उत्तरही तिथं तयार होतं. आणि तिथंच राहतं! बाहेर स्विचकडं जातो तो नुसता "येऊ द्या" हा निरोप.

इनर-टनेल फाईलीत खाली पोस्ट-ऑथ भागात एक तयार तुकडा आहे. त्याच्या सुरुवातीला 'इफ' आणि कंसात शून्य, म्हणजे तो बंद. शून्याचा एक करा. तो तुकडा आतलं उत्तर बाहेरच्या सेशन-स्टेटमध्ये उतरवतो आणि बाहेरची साइट तिथून उचलून अंतिम उत्तरात घालते. एका आकड्याचा बदल. मी तो सापडेपर्यंत तीन दिवस स्विचवाल्या कंपनीशी भांडत होते.

उलट्या दिशेनंही हेच घडतं. बाहेरच्या विनंतीत असलेला मॅक ॲड्रेस आतल्या सर्व्हरला आपोआप दिसत नाही. म्हणून वरच्या अकाउंटच्या नोंदीसारखी अट पीपवर चालवायची असेल, तर ईएपी मॉड्यूलच्या (अशा पद्धती सांभाळणाऱ्या भागाच्या) फाईलीत पीपच्या भागात 'कॉपी रिक्वेस्ट टू टनेल' (शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर) हे येस करा. टीटीएलएस ही तशीच दुसरी पद्धत वापरत असाल तर तिच्याही भागात.

वाढपी ऐकतो का

सर्व्हरवर डीबग लावा. सेवा थांबवा आणि फ्रीरेडियस मोठ्या एक्स पर्यायानं चालवा. भराभर ओळी धावतात, घाबरू नका. दोनच गोष्टी शोधायच्या: "मॅच्ड एन्ट्री" असं म्हणून तुमच्या फाईलीतला ओळ क्रमांक दिलेली ओळ, आणि शेवटी "सेंट ॲक्सेस-ॲक्सेप्ट" च्या खाली तुमचा व्हीलॅन. पहिली नसेल तर नोंद जुळली नाही. पहिली आहे पण दुसरीत व्हीलॅन नसेल तर बोगदा. दोन्ही आहेत आणि तरीही माणूस चुकीच्या जागी, तर सर्व्हरचा दोष नाही. आता स्विचकडं जा.

सिस्कोच्या स्विचवर ओळख पटवायची ओळ सगळेच लिहितात. 'एएए ऑथोरायझेशन नेटवर्क' ही परवानगीची ओळ विसरतात. ती नसेल तर स्विच माणसाला आत घेतो आणि व्हीलॅनची सूचना गुपचूप टाकून देतो. वायरलेस कंट्रोलरवर 'अलाऊ एएए ओव्हरराइड' अशी खूण असते, इतर ॲक्सेस पॉइंटवर 'रेडियस असाइन्ड व्हीलॅन' अशा नावाची. ती लावा. आणि तो व्हीलॅन त्या स्विचवर तयार आहे का, वरच्या ट्रंकवर (स्विचना एकमेकांशी जोडणाऱ्या मुख्य वायरवर) सोडलाय का, हे बघा. आमच्या वर्कशॉपच्या इमारतीत व्हीलॅन १० पोचलेलाच नव्हता. ग्रंथपाल मॅडम तिथं मीटिंगला गेल्या की "नेट चालंना बगा" म्हणून फोन यायचा.

हॉस्टेल: वेग, वेळ, किती यंत्रं

हॉस्टेलला मायक्रोटिक कंपनीच्या राउटरचा हॉटस्पॉट आहे, लॉगिनचं पान येतं तो. इथं एकेका पोराला वेग ठरवून देता येतो, ॲट्रिब्यूट 'मायक्रोटिक-रेट-लिमिट', किंमत "२एम/५एम" अशी. पहिला आकडा राउटरला येणारा, म्हणजे पोराचा अपलोड. दुसरा डाउनलोड. मी पहिल्यांदा उलटं लिहिलं आणि आठवडाभर पोरं व्हिडिओ बघायच्या ऐवजी चढवायला मोकळी होती. वाटून घ्यावं लागतं हे इथं कुणाला पटवावं मात्र लागलं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. घागरी मोजून भरलेल्या गावातल्या पोरांना पाच एमबीपीएसचं रेशन लगेच समजतं.

वेळेसाठी 'लॉगिन-टाइम', ही अटींच्या बाजूला, पहिल्या ओळीत. सोमवार ते शुक्रवारसाठी डब्ल्यू-के ही अक्षरं आणि त्यांना चिकटून ०९००-१८३०, मग स्वल्पविराम आणि शनिवारची एस-ए. वेळ संपायला जेवढा अवधी उरलाय तेवढाच सेशन-टाइमआउट सर्व्हर स्वतः लावतो, सेकंदांत. पाहुण्यांना 'एक्स्पिरेशन' लावाच. चौथा रकाना आठवतोय ना? त्यातली तारीख इथं येते. तासिका तत्त्वावरचे अध्यापक, परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक, नॅकच्या समितीसाठी केलेली खाती, ह्यांतलं एकही बिनतारखेचं नसावं.

एका खात्यावर किती यंत्रं, ह्यासाठी 'सायमल्टेनियस-यूज := २'. एक फोन, एक लॅपटॉप. हे चालायला डीफॉल्ट साइटच्या सेशन भागात 'एसक्यूएल' ह्या डेटाबेसच्या ओळीपुढची # ही खूण काढावी लागते आणि राउटरनं हिशोब पाठवावा लागतो, कारण आत किती आहेत हे सर्व्हर 'रॅडॲक्ट' टेबलात मोजतो.

आणि इथंच आपल्या भागातली वीज आडवी येते. वीज गेली, राउटर मेला, त्यानं "हा गेला" असा स्टॉप निरोप पाठवलाच नाही. वीज आली. सर्व्हरच्या टेबलात पोरगं अजून आतच, दोन्ही यंत्रांसकट. ते परत लॉगिन करायला जातं तर दोन आधीच वापरात. मग रात्री अकराला निलंग्याचं एक पोरगं फोन करतं, "मॅडम, कवापासून पासवर्ड टाकलालाव, घेईना की." पासवर्ड त्याचा बरोबरच असतो.

ह्यावर माझे तीन उपाय आहेत. राउटरला यूपीएस द्या, तो दहा मिनिटं जरी तगला तरी रोजची चिंधी वीज पचते. उत्तरात 'अॅक्ट-इंटरिम-इंटरव्हल' ६०० लावा, म्हणजे दर दहा मिनिटांनी "अजून आहे" असा निरोप येत राहतो. आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीत) एक छोटी क्वेरी ठेवा: ज्या ओळीत संपल्याची वेळ रिकामी आहे आणि शेवटच्या निरोपाला अर्धा तास उलटलाय, तिच्यात संपल्याची वेळ म्हणून त्या शेवटच्या निरोपाचीच वेळ भरायची. आत्ताची वेळ भरू नका, नाहीतर पोरानं रात्रभर नेट वापरल्याचा खोटा हिशोब तयार होतो. इंटरिम निरोप सुरू नसताना ही क्वेरी लावलीत तर खरोखर आत बसलेलेही हिशोबातून गळतील, म्हणून क्रम पाळा.

विजेचा दुसरा घाव घड्याळावर. आमच्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. एकदा रात्रभर वीज गेली, सकाळी मशीन उठलं ते काही वर्षं मागच्या तारखेत. मुदत संपलेले सगळे पाहुणे जिवंत झाले. कार्यालयातले बाबू मात्र लॉगिन-टाइममुळे बाहेर, कारण सर्व्हरच्या मते तेव्हा मध्यरात्र होती. बॅटरी किरकोळ पैशात येते, बदला. आणि एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवायची सोय) लावून घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल ह्या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवा. सर्ट-इन ह्या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत हेच सांगितलंय, शिवाय लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत. उद्या पोलिसांनी विचारलं, "ह्या वेळी हा आयपी कोणाकडं होता," तर मागच्या तारखेतल्या लॉगला कोणी विचारत नाही.

बदल लागू करताना

डेटाबेसमधला बदल पुढच्या लॉगिनला आपोआप लागू होतो. यूजर्स फाईल मात्र सर्व्हर सुरू होताना वाचली जाते, म्हणून तपासणी करून रीस्टार्ट. मी ते दुपारी जेवणाच्या सुट्टीत करते. जोडलेली माणसं तुटत नाहीत, फक्त त्या क्षणी नवा माणूस आत येताना अडतो.

बदल बरोबर झालाय का, ते त्या माणसाला त्रास न देता बघता येतं. 'रॅडटेस्ट' ही आज्ञा नाव-पासवर्ड देऊन चालवा, पण १८१२ वर नको, लोकलहोस्टच्या १८१२० पोर्टवर. तिथं इनर-टनेल थेट ऐकत असतो आणि आतल्या नोंदीचं उत्तर समोर येतं. मॅकच्या अटी मात्र अशा कळणार नाहीत, कारण रॅडटेस्ट मॅक पाठवत नाही. त्यासाठी 'ईएपीओएल-टेस्ट' (नावात हायफनऐवजी अंडरस्कोर) वापरा, ते खऱ्या फोनसारखं पूर्ण बोगद्यातून जातं.

जो आधीच आत बसलाय त्याला नवी परवानगी लागू होत नाही. तो तुटून परत आला पाहिजे. स्विच ऐकत असेल तर ३७९९ पोर्टवर डिस्कनेक्टची विनंती पाठवता येते. नाहीतर वायफायच्या कंट्रोलरवरून त्याला काढा, किंवा स्विचचा पोर्ट बंद करून चालू करा. पोर्टवर आयपी फोन लटकलेला नाही ना, तेवढं बघा. मी एकदा प्राचार्य सरांचा फोन बोलता बोलता तोडलाय.

सोय काढून घेताना फाईलीतली नोंद पुसायची, रीस्टार्ट करायचं, माणसाला तोडायचं, आणि मग वहीत त्या ओळीवर लाल रेघ मारून तारीख टाकायची. दर महिन्याच्या एक तारखेला मी वही आणि फाईल शेजारी ठेवून ओळ जुळवते. मागच्या वेळी ग्रंथपाल मॅडमची ३१ मे उलटलेली दिसली. फोन केला तर म्हणाल्या, सॉफ्टवेअर अजून तिकडंच आहे. पान ७ वर रेघ मारली, पान १२ वर नवी ओळ लिहिली, कधीपर्यंतच्या रकान्यात ३१ डिसेंबर.